अप्पांचं आतडं: सोलापूर म्हणतं थांबा, पुणे म्हणतं करून टाका, न्यू जर्सी विचारते अजून केलं नाही?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, निवांत असाल तरच वाचा.

अप्पा म्हणजे माझे वडील, वय ६६, एसटीतून रिटायर, शुगर आहे पण गोळीवर आटोक्यात. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर डाव्या बाजूला खाली ओटीपोटात दुखायला लागलं आणि ताप. आम्ही मुतखडाच धरून चाललो, कारण सोलापूरच्या उन्हात आमच्या निम्म्या गल्लीला खडा होऊन गेलाय. सोनोग्राफीत खडा नाही. मग सीटी काढला तर रिपोर्टवर डायव्हर्टिक्युलायटिस, हा शब्द नीट उच्चारायलाच मला दोन दिवस लागले. मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग, सिग्मॉइड म्हणतात त्याला, तिथं बारीक बारीक पिशव्या झाल्यात आणि त्यातली एक सुजली. पाच दिवस सलाईन, अँटिबायोटिक, मग घरी.

यंदा ऑगस्टमध्ये परत. आणि कुठं, तर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये, दौंड सोडलं आणि अप्पा पोट धरून वाकडे झाले. पुण्याला उतरलो ते थेट ॲडमिट. या वेळी आतड्याच्या शेजारी अडीच सेंटिमीटरचा पू. तो पण औषधावरच बसला, कापाकापी लागली नाही.

आता खरी गंमत. पुण्याचे सर्जन म्हणाले पू झालेला अटॅक साधा धरायचा नाही, सगळं शांत असताना दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढून टाका. सोलापूरचे आमचे नेहमीचे सर्जन, वीस वर्षांची ओळख, ते म्हणाले पू बसलाय, पोट मऊ आहे, माणूस भाकरी खातोय, कशाला उगीच पोटात हात घालायचा. चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याचं म्हणणं तिकडं त्याच्या ऑफिसातल्या दोघांचं कधीच ऑपरेशन झालं, तुम्ही दोन अटॅक होऊन बसलाय काय. आणि शाळेतला एक मित्र ओसाकात आहे तो म्हणतो इकडं हे बहुतेक उजव्या बाजूला असतं आणि सहसा कापत नाहीत.

सीटी एक, पेशंट एक, उत्तरं चार. हा आजार आहे का राजकारण? कोणाच्या घरी झालंय का, काय केलं?

कंबर_तलाव

सोप्पं आहे. ज्याच्याकडं दुर्बिणीचं मशीन नवं तो म्हणणार करा, ज्याच्याकडं नाही तो म्हणणार थांबा. मशीनचा हप्ता पेशंट भरतो. बाकी चालू द्या.

पूर्वभाग_बॉय

तलावसाहेब सकाळी सकाळी का चिडलालाव ओ. प्रत्येक ठिकाणी पैसाच असतो असं नाही की. आमच्या आत्याचं झालंय हे, संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर सविस्तर लिहितो.

माजी_आरएमओ

मी डॉक्टर आहे पण सर्जन नाही, आणि इथं बसून अप्पांवर निर्णय देणार नाही. पण चारही उत्तरं वेडेपणाची नाहीत एवढं नक्की सांगतो.

आधी पिशव्या का होतात ते. आतड्याच्या भिंतीत स्नायूचा थर असतो आणि त्याला भोकं पाडून रक्तवाहिन्या आत शिरतात. ती जागा कमजोर. आत दाब वाढला की आतलं अस्तर त्या भोकातून बाहेर फुगतं. टायरला चीर गेल्यावर आतली ट्यूब बाहेर डोकावते ना, तसंच. नुसत्या पिशव्या असणं म्हणजे आजार नव्हे, युरोप अमेरिकेत साठीच्या पुढं जवळजवळ निम्म्या लोकांना असतात आणि बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. सुजते ती फार थोड्यांची.

आता ओसाकावाला मित्र बरोबर बोलतोय. पाश्चात्त्य देशांत पिशव्या मुख्यतः डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये. जपान, कोरिया वगैरे भागात उजवीकडं जास्त. उजवीकडची सूज सहसा औषधानं बसते, पू भरून पोटभर पसरण्याचं प्रमाण कमी, म्हणून तिकडचा सर्जन सुरी काढायला नाखूष. उलट त्यांना पिशवीतून रक्तस्राव व्हायची काळजी जास्त, दुर्बिणीतूनच रबर बँड घालून तो थांबवायचं कौशल्य त्यांनी खूप वाढवलंय. म्हणजे नाव एकच असलं तरी जपानचा आजार आणि अप्पांचा आजार हे सख्खे नाहीत, चुलत भाऊ म्हणा.

चाटी_गल्ली

उजवीकडचं म्हणालात म्हणून लिहिते. माझ्या मावशीला उजव्या बाजूला दुखलं, उलट्या, सगळ्यांनी अपेंडिक्स म्हणूनच नेलं. टेबलावर पोट उघडलं तर अपेंडिक्स एकदम टकाटक, आणि शेजारी आतड्याच्या सुरुवातीलाच एक पिशवी सुजलेली. सर्जन बाहेर येऊन काकांना विचारतायत आता एवढंच काढू का आतड्याचा भाग काढू, आणि काका बिचारे चादरीच्या दुकानातले, त्यांनी काय सांगावं? आधी सीटी काढला असता तर हे आधीच दिसलं असतं असं नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडं अपेंडिक्सला कोण सीटी काढत होतं म्हणा.

मालदांडी

माझा प्रश्न कोणी हसू नका. मला पण कोलोनोस्कोपीत (मागून नळी घालून मोठं आतडं बघतात ती तपासणी) या पिशव्या दिसल्या (त्रास काही नाही) आणि एका डॉक्टरनी शेंगदाणे, तीळ, बिया सगळं बंद केलं. म्हणाले दाणा पिशवीत अडकतो. अहो सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद? कडक भाकरीबरोबर मी काय खाऊ, लोणचं? आठ महिने झाले. घरात चटणीचा डबा उघडला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

माजी_आरएमओ

मालदांडी, गॅलरीतून आत या. अमेरिकेत ४७,२२८ पुरुषांना १८ वर्षं फॉलो केलं होतं, २००८ ला आला तो अभ्यास. दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत ही सूज जास्त निघाली नाही, दाणे आणि पॉपकॉर्न भरपूर खाणाऱ्यांत तर कमीच निघाली. दाणा अडकतो ही समजूत अनेक पिढ्या चालत आली, तर्काला पटते म्हणून टिकली. सूज ताजी असताना मऊ खायला सांगतात ते वेगळं. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, पण मी तुमच्या जागी असतो तर आज रात्री चटणी खाल्ली असती. दह्यात कालवून.

मालदांडी

साहेब तुमच्या तोंडात साखर नाही, चटणी पडो.

विदा_वेडा

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो, कारण तो माझा आवडता विषय आहे. गाव बदललं की ऑपरेशन बदलतं ही फार जुनी गोष्ट आहे. १९३८ मध्ये ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरनी इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांच्या टॉन्सिलचे आकडे मांडले, एका जिल्ह्यात पोरांचे टॉन्सिल धडाधड काढतायत आणि शेजारच्या जिल्ह्यात हात पण लावत नाहीत, पोरं मात्र सारखीच आजारी. मग १९७३ मध्ये वेनबर्ग आणि गिटलसोन यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट या एका छोट्या राज्यातच मोजलं तर टॉन्सिल काढण्याचं प्रमाण दर १०,००० माणसांमागं कुठं १३ आणि कुठं १५१. आपल्याकडं म्हणजे बार्शीत १३ आणि मोहोळात १५१ असं समजा. (बार्शीकरांनी मारायला येऊ नये, उदाहरण आहे.) हवापाणी तेच, लोक तेच, फक्त डॉक्टर वेगळे.

वेनबर्ग यांनी पुढं आयुष्यभर हेच केलं. त्यांचं सांगणं साधारण असं, की मांडीचं हाड मोडलं तर सगळीकडं तेच होतं, कारण तिथं मतभेदाला जागाच नाही. पण जिथं थांबलं तरी चालतं आणि केलं तरी चालतं तिथं त्या भागातल्या सर्जनची सवय ठरवते. आता कंबर_तलाव म्हणतात तसा पैसा त्यात नसतोच असं मी म्हणत नाही, पण ब्रिटनमध्ये सरकारी दवाखान्यात पगारी सर्जन असतात तिथं पण भागाभागात फरक निघतोच की. सवय ही पैशापेक्षा चिवट.

कंबर_तलाव

सवय लागते कशानं? असो. मुद्दा थोडा पटला.

पूर्वभाग_बॉय

आलो. आत्याचं ऐका. तिला आधी कधीच अटॅक नव्हता बे, पहिलाच, आणि पहिल्यालाच आतडं फुटलं. आम्ही एका हॉस्पिटलात नेलं तिथं गॅस म्हणून इंजेक्शन देऊन घरी धाडलं, दुसऱ्या दिवशी पोट लाकडासारखं कडक. मग सिव्हिलला पळवलं, रात्री दोनला ऑपरेशन. खराब भाग काढला, खालचं टोक शिवून आत ठेवलं आणि वरचं टोक पोटावर काढून शी गोळा करायची पिशवी लावली. हार्टमन म्हणतात त्याला असं तिथल्या पोरसवदा डॉक्टरनी समजावलं, त्यानं नीट चित्र काढून दाखवलं म्हणून मला आजपण आठवतंय. जीव वाचला. पण पिशवी नऊ महिने राहिली. आत्या आयुष्यभर विड्या वळत बसलेली बाई, तिला चारचौघीत बसायची लाज वाटायची, आवाज येतो म्हणून. लग्नाला नाही, बारशाला नाही. परत जोडलं तेव्हा पहिल्यांदा हसली.

तेवढं टाळता येत असेल तर करून घ्या असं माझं मत. पण आत्याचं ऑपरेशन कोणीच आधी टाळू शकलं नसतं हे पण खरं, कारण आधी काही झालंच नव्हतं.

माजी_आरएमओ

पूर्वभाग_बॉय, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे या सगळ्या भांडणाची किल्ली आहे. थोडं लांबण लावतो.

जुना हिशोब असा होता की प्रत्येक अटॅकला फुटायचा धोका वाढत जातो, म्हणून दोन अटॅक झाले की शांत असताना काढून टाका. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनांच्या संघटनेच्या २००० सालच्या सूचनांत पण हाच सूर होता. मग आकडे नीट बघितल्यावर उलटंच दिसलं, फुटायचा धोका पहिल्या अटॅकलाच सगळ्यात जास्त आणि पुढं कमी होत जातो. म्हणजे ज्यांचं फुटणार ते बहुतेक आत्यासारखे पहिल्या फटक्यातच येतात. २००६ मध्ये त्याच संघटनेनं अटॅक मोजणं सोडा, माणूस बघून ठरवा असं सांगितलं. गंमत म्हणजे साधारण त्याच काळात, १९९८ ते २००५, अमेरिकेत ही ठरवून केलेली ऑपरेशनं वाढतच होती आणि त्यातल्या त्यात तरुणांमध्ये. पुस्तकातली ओळ बदलली म्हणून ओपीडीतलं तोंडातलं वाक्य लगेच बदलत नाही. न्यू जर्सीच्या ऑफिसातले दोघं बहुधा त्याच वाक्याचे पेशंट.

युरोपात अजून वेगळं. स्वीडन आणि आइसलँडमध्ये ६२३ पेशंट घेऊन बघितलं (२०१२), साधा अटॅक असेल तर अँटिबायोटिक दिलं काय न दिलं काय, फरक नाही. तिकडं साध्या अटॅकला बऱ्याच ठिकाणी अँटिबायोटिकशिवाय घरी पाठवतात. आपल्याकडं असं कोणी केलं तर नातेवाईक काउंटरची काच फोडतील.

आणि आतडं फुटून पू पसरला तर कापायचं का नुसतं दुर्बिणीतून पोट धुवून काढायचं, यावर तर शेजारी शेजारी देशांची उत्तरं वेगळी आली. स्वीडन आणि नॉर्वेच्या एका चाचणीत धुतलेल्यांना परत टेबलावर घ्यायची वेळ जास्त आली, २० टक्के विरुद्ध ६ च्या आसपास. स्वीडन आणि डेन्मार्कच्या दुसऱ्या चाचणीत धुतलेल्यांना परत ऑपरेशन कमी लागलं. हे कसं काय? दुसऱ्यांनी पोटावरची पिशवी बंद करायचं ऑपरेशन पण मोजणीत धरलं, पहिल्यांनी धरलं नाही. आत्याच्या बाजूनं बघा, तिला दुसऱ्यांदा भूल घेऊन टेबलावर जावंच लागलं ना? मग मोजायचं का नाही मोजायचं? दोघांचंही गणित बरोबर आहे, प्रश्न वेगळा विचारलाय.

चाटी_गल्ली

काउंटरची काच, हाहा. खरंय पण.

निरोगी_जीवन_२४

सर्व पोटविकारांवर खात्रीशीर आयुर्वेदिक काढा, ऑपरेशन टळेल, व्हॉट्सॲप करा

पूर्वभाग_बॉय

आला बघ काढा. ए गप बे, इथं सिरियस चाललंय. ॲडमिन हा प्रतिसाद उडवा की ओ.

होटगीरोड

एक शंका. लहानपणापासून ऐकलंय की हा साहेबांचा आजार, मैदा खाणाऱ्यांचा, ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला होत नाही. अप्पा तर भाकरीवालेच असणार ना?

जुळे_सोलापूरकर

अप्पांना चपाती दिली तर ते ताटाकडं पाहुणा आल्यासारखं बघतात. रोज दोन भाकरी. पण एसटीत तीस वर्षं ड्युटी, स्टँडवरची भजी, चहा, जेवणाची वेळ नाही, आणि (आई वाचत नाही म्हणून लिहितो) बिडी. रिटायर झाल्यावर पोट पण सुटलं.

विदा_वेडा

होटगीरोड, तुम्ही ऐकलंय त्याचं मूळ १९७१ चं. पेंटर आणि बर्किट या दोन ब्रिटिश सर्जननी मांडलं की आफ्रिकेतल्या खेड्यात हा आजार जवळपास दिसत नाही, इंग्लंडमध्ये मात्र रेलचेल, तर हा चोथा कमी खाण्याचा आजार. अर्धं बरोबर असावं. शाकाहारी आणि चोथा जास्त खाणाऱ्यांना या आजारासाठी ॲडमिट व्हायची वेळ कमी येते असं नंतरही दिसलं. पण २०१२ ला अमेरिकेत दोन हजारांवर लोकांची कोलोनोस्कोपी करून बघितलं तर नुसत्या पिशव्या चोथा जास्त खाणाऱ्यांत कमी नव्हत्या, जास्तच होत्या. आणि हवाईला जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांचं बघा, तिकडचं खाणं खाऊन पिशव्या वाढल्या पण बाजू उजवीच राहिली. नुसत्या ताटानं सगळं ठरत नाही. बिडी, वजन, आणि दुखलं की गिळायच्या त्या ब्रुफेनसारख्या गोळ्या, हे धोका वाढवणाऱ्यांत पक्के.

जुळे_सोलापूरकर

गुडघ्यासाठी अप्पा त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होते. शेंगदाणे बंद केले आम्ही आणि गोळ्या चालूच. काय बोलणार.

माजी_आरएमओ

त्या गोळ्यांचं आधी सर्जनना सांगा, आजच. आणि दोन गोष्टी. अटॅक शांत होऊन सहा आठ आठवडे झालेत ना, कोलोनोस्कोपी झाली का? पू झालेल्या केसमध्ये आत कॅन्सर लपलेला नाही हे बघणं गरजेचं असतं, सीटीवर दोन्ही कधी कधी सारखंच दिसतं. दुसरं, दोन अटॅक झाले म्हणून ऑपरेशन का, असं विचारू नका, विचारा की पू झाला होता त्याला निर्णयात महत्त्व किती आणि मधल्या काळात यांचं काय बिघडलंय. पू झालेल्यांत परत त्रास व्हायचं प्रमाण जास्त, त्यामुळं पुण्याचे म्हणतात ते हवेतलं नाही. पण छोटा पू औषधानं बसल्यावर बरेच जण पुढं वर्षानुवर्षं नीट राहतात, त्यामुळं सोलापूरचे पण चुकीचे नाहीत. नेदरलँड्समध्ये सतत त्रास असलेल्या पेशंटांना दोन गटांत वाटून बघितलं, २०१७ ला आलं ते. ऑपरेशनवाल्यांचं जगणं जास्त सुसह्य झालं. पण आतड्याचा जोड लीक होणारे पण त्यात होते, आणि लीक झालं की मग तात्पुरती का होईना पोटावरची पिशवी आलीच. फुकटात काही नाही.

मालदांडी

आणि सर्जन वर्षाला अशी किती करतात ते पण विचारा. माझ्या मेव्हण्यानं गॉल ब्लॅडरच्या वेळी तोंडावर विचारलं होतं, डॉक्टर चिडले नाहीत, उलट बसा म्हणाले.

जुळे_सोलापूरकर

अपडेट, तीन आठवड्यांनी. आधी सगळ्यांचे आभार, आईनं पण धागा वाचला, बिडीचा प्रतिसाद सोडून सगळं ठीक झालं.

कोलोनोस्कोपी झाली, कॅन्सर नाही, पिशव्या भरपूर. मग आम्ही परत सोलापूरच्या सर्जनकडं गेलो. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, माजी_आरएमओंचे जवळपास जसेच्या तसे. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि अप्पांना विचारलं, काका, या दुखण्यामुळं तुमचं काय बंद झालं?

मी म्हणणार होतो काही नाही, जेवतात, फिरतात. अप्पा म्हणाले पुणं बंद झालं. ताईची पोरगी वर्षाची झाली, तिला ऑगस्टपासून बघितलं नाही. गाडीत बसलो की दौंड येईपर्यंत हात पोटावरच असतो, म्हणून बसतच नाही. अक्कलकोटला पण जात नाही, अर्ध्या तासात सिव्हिल गाठता यायला पाहिजे एवढ्याच अंतरात फिरतो.

तीन महिने माझ्यासमोर हा माणूस राहतोय आणि मला हे माहिती नाही. मी चार देशांचे आकडे गोळा करत बसलो होतो.

सर्जन थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले हे आधी सांगितलं असतं तर मी थांबा म्हणालो नसतो. मला वाटलं तुम्ही मजेत आहात. आणि मग स्वतःच म्हणाले की मी पोट उघडून करतो, दुर्बिणीतून आतड्याचं माझ्या हातून फार होत नाही, तुम्ही पुण्यालाच करून घ्या, मी चिठ्ठी देतो. वीस वर्षांची ओळख अशी कामाला आली.

कंबर_तलाव

मान गये. माझे शब्द मागं घेतो, निदान या एका डॉक्टरपुरते.

चाटी_गल्ली

अप्पांना नमस्कार सांगा. डोळ्यात पाणी आलं वाचून. तारीख कधीची?

माजी_आरएमओ

ऑपरेशनच्या आधी पोटावर पिशवीची खूण करून घ्यायला सांगा, लागणार नाही अशी आशा असली तरी. पट्टा किंवा धोतर बांधतात त्या रेषेवर खूण येता कामा नये, बसल्यावर पोटाची वळी पडते तिथंही नको. पुण्यात यासाठी वेगळ्या सिस्टर असतात काही ठिकाणी. आणि बिडी आजपासून बंद, जोड भरून येण्याशी तिचा थेट संबंध आहे. खर्चाचं, सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.

पूर्वभाग_बॉय

आत्या म्हणालीय अप्पांना काही लागलं तर फोन करा, पिशवीचं सगळं तिला पाठ आहे, कुठली चिकटते कुठली निघते, उन्हाळ्यात काय करायचं. तिला आता लाज वाटत नाही म्हणे.

जुळे_सोलापूरकर

आत्यांना खरंच फोन करणार, नंबर खाजगीत पाठवा.

चाटी_गल्ली, पुण्याचे सर्जन जानेवारीची दुसरी तारीख देत होते. अप्पा म्हणाले गड्डा (आमची सिद्धेश्वरांची जत्रा) झाल्याशिवाय नाही, नंदीध्वज डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी भूल घेणार नाही. मग फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरलाय. बिडी बंद आहे, म्हणजे घरात तरी. चटणी सुरू आहे.

आणि हुतात्मानं जायचं नाही ही अट. तिकिटं काढली होती मी, कॅन्सल करायला लावली. एसटीनंच जाणार म्हणतात, ड्रायव्हर ओळखीचा असला तर पाहिजे तिथं थांबवता येते.